सभागृह

आमच्या महानगरपालिकेचे पूर्ण नाव ‘सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका’ असे आहे. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी ती अस्तित्वात आली. एरवी बोलताना एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही. ‘सांगली महापालिका’ म्हटले की काम भागते. पूर्ण नाव दिसते ते घरपट्टीच्या बिलावर, निविदेच्या जाहिरातीत आणि कार्यालयाच्या पाटीवर. मराठी शिकवण्याचा व्यवसाय असल्यामुळे असेल, पण त्या नावातल्या ‘आणि’ या उभयान्वयी अव्ययाकडे माझे लक्ष नेहमी जाते. व्याकरणात ते दोन पदांना सारख्या दर्जाने जोडते. इतिहासात मात्र तसे घडलेले नसते. मिरजेला किल्ला आहे, दर्गा आहे, तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा आहे. सांगली १८०१ पासून पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. कुपवाड ‘आणि’च्या पलीकडे येते. सांगली-मिरज रस्त्याच्या उत्तरेला पसरलेले हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते औद्योगिक वसाहतीमुळे. मी याच गावात वाढले आणि गेली वीसहून अधिक वर्षे जवळच्याच एका महाविद्यालयात मराठी शिकवते आहे.

काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना ‘आपल्या गावातील एक सार्वजनिक वास्तू’ या विषयावर लिहायला सांगितले होते. सांगलीच्या मुलांनी अपेक्षेप्रमाणे गणपती मंदिर आणि आयर्विन पूल निवडला. मिरजेच्या मुलांनी दर्गा, किल्ला किंवा मिशन हॉस्पिटल. कुपवाडच्या एका मुलीचा निबंध अर्ध्या पानाचा होता. आमच्या गावात घरे आहेत, देवळे आहेत, कारखाने आहेत, पण ‘गावाची’ म्हणावी अशी इमारत कोणती ते मला ठरवता आले नाही, असे तिने लिहिले होते. मी तिला गुण दिले, पण समाधानकारक शेरा काही सुचला नाही. देऊळ देवाचे असते, वाडा मालकाचा, कारखाना कंपनीचा. गावाची इमारत म्हणजे नेमकी कोणती? इंग्रजीत याला ‘सिटी हॉल’ किंवा ‘टाउन हॉल’ असे तयार उत्तर आहे. आपल्याकडे ते उत्तर कसे आले आणि आले तेव्हा सोबत काय घेऊन आले, याचा विचार तेव्हापासून अधूनमधून करत राहिले. पुढचे लेखन त्या विचाराचे आहे.

माझे वडील महापालिकेच्या कार्यालयात जायला निघाले की ‘चावडीवर जाऊन येतो’ असे म्हणत. १९९८ नंतरही त्यांनी हा शब्दप्रयोग बदलला नाही. चावडी हा शब्द कन्नडमध्येही आहे आणि आमच्या या सीमेलगतच्या मुलखात तो दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरतो. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची बसण्याची जागा, वसुलीची जागा, पंचांची जागा. वास्तू म्हणून तिच्यात पाहण्यासारखे फारसे नसे. एखादा ओटा, दोन-चार खांब, एक बाजू उघडी. ही उघडी बाजू मला महत्त्वाची वाटते. आत काय चालले आहे ते रस्त्याने जाणाऱ्याला दिसावे आणि ऐकू यावे अशी ती रचना होती. चावडीच्या बाबतीत भाबडेपणा मात्र नको. तिच्या ओट्यावर कोणी बसायचे आणि कोणी खाली उभे राहायचे हे जातीने ठरलेले होते. ज्याला वर चढता येत नसे त्याच्यासाठी उघडी बाजूही बंदच होती. तरीही महसुली व्यवहारात ‘चावडीवाचन’ हा शब्द आजतागायत टिकून आहे. गावातील जमिनीच्या नोंदी तलाठ्याने लोकांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि चूक असेल तर ऐकणाऱ्याने तेथल्या तेथे सांगायची. लिखित संहिता लोकांसमोर वाचली जाते आणि श्रोता ती दुरुस्त करू शकतो, अशी ही पद्धत आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तिचे कुतूहल वाटावे.

चावडीनंतर आपल्या भाषेने ‘सभागृह’ हा शब्द घेतला. या शब्दाकडे थोडे थांबून पाहायला हवे. ‘सभागृहाचे छत दुरुस्त केले’ असे आपण म्हणतो आणि ‘सभागृहाने ठराव मंजूर केला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात सभागृह म्हणजे खोली. दुसऱ्यात त्या खोलीत बसलेली माणसे. इंग्रजीतील ‘हाउस’ या शब्दाचा व्यवहार याला जवळचा आहे हे खरे, पण आपल्याकडे मुळातल्या ‘सभा’ या शब्दालाच ही दुहेरी सवय फार जुनी आहे. महाभारताच्या सभापर्वात मयासुराने इंद्रप्रस्थात पांडवांसाठी बांधलेली सभा ही वास्तू आहे. तिच्यातील स्फटिकाच्या जमिनीवर पाण्याचा आणि पाण्यावर जमिनीचा भास होतो. पुढे द्यूतासाठी धृतराष्ट्र हस्तिनापुरातही एक भव्य सभा बांधवून घेतो. आणि मग त्याच सभेत द्रौपदी प्रश्न विचारते तेव्हा तो खांबांना आणि भिंतींना विचारलेला नसतो. तेथे बसलेल्या वृद्धांना विचारलेला असतो. ते गप्प राहतात. विकर्णासारखा एखादा तरुण बोलतो, विदुर बोलतो, पण सभा म्हणून सभा उत्तर देत नाही. वास्तू उभी असते आणि सभा मोडलेली असते. एकाच शब्दाचे दोन अर्थ असे फाटून वेगळे होऊ शकतात, हे त्या पर्वात फार लख्ख दिसते.

हा फरक हाताशी धरून मी आमच्या आसपासच्या वास्तूंकडे पाहू लागले. प्रथम अर्थातच सांगली. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही राजधानी केली. त्यांच्याच आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ सादर केले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ पाळला जातो. मराठीच्या विद्यार्थ्याला हा इतिहास पाठ असतो. पण त्याचा एक पैलू आपण सहसा लक्षात घेत नाही. मराठी नाटकाची सुरुवात ज्या प्रेक्षकांसमोर झाली ते एका राजाच्या दरबारात निमंत्रणाने आलेले होते. तिकीट काढून हक्काने बसणारा प्रेक्षक पुढे आला. नाटकाला दरबारातून नाट्यगृहात यावे लागले, तसेच गावाच्या कारभारालाही दरबारातून सभागृहात यावे लागले. या दोन प्रवासांत एकच गोष्ट बदलली: आत येण्याचा अधिकार. दरबारात तो मेहेरबानीने मिळत असे. सभागृहात तो पट्टी भरणारा म्हणून, आणि पुढे केवळ नागरिक म्हणून, मिळू लागला.

कोल्हापूरचा टाउन हॉल या संक्रमणाच्या अगदी उंबरठ्यावरची वास्तू आहे. कुपवाडहून कोल्हापूर सुमारे पन्नास किलोमीटर. सीपीआर रुग्णालयाच्या परिसरात, बागेत उभी असलेली ही गॉथिक वळणाची दगडी इमारत मी लहानपणापासून अनेकदा पाहिली आहे. विद्यार्थ्यांना घेऊनही गेले आहे. ती १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. वास्तुरचनाकार होते चार्ल्स मँट, इंग्रजांच्या लष्करातील अभियंते. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा हेही त्यांचेच आराखडे. १८८१ मध्ये ते वारले, त्यामुळे हे दोन्ही राजवाडे पूर्ण झालेले त्यांना पाहता आले नाहीत. पुढील कामांत त्यांनी भारतीय घुमट, छत्र्या आणि महिरपी युरोपीय रचनेत मिसळल्या. टाउन हॉलमध्ये मात्र ते अजून इंग्लंडच्या अधिक जवळ आहेत. टोकदार कमानी आणि उंच, तीव्र उताराची छपरे पाहताना एखादे छोटे चर्च बागेत आणून ठेवले आहे असे वाटते.

ही इमारत उभी राहिली तेव्हा कोल्हापुरात कोण राज्य करत होते? छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे निवर्तले. अर्नो नदीच्या काठी त्यांच्या स्मारकाची जी छत्री आहे, तिचा आराखडाही मँट यांचाच. त्यानंतर दत्तक आलेले महाराज अल्पवयीन होते आणि कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली चालला होता. म्हणजे ज्या काळात कोल्हापूरला ‘टाउन हॉल’ मिळाला त्या काळात कोल्हापूरच्या गादीलाही स्वतःचा कारभार स्वतः करण्याची मुभा नव्हती, मग नगराची गोष्ट दूरच. नगरपालिका नावाची संस्था कोल्हापुरात १८५४ पासून होती, पण लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी तेथे बसून वाद घालावा, ठराव फेटाळावा, अशी काही सोय नव्हती. हॉल मिळाला, तो वरून देण्यात आला. सभागृह या शब्दाचा पहिला अर्थ दगडात सिद्ध झाला; दुसऱ्याची जागा रिकामी राहिली.

पुढे या रिकाम्या जागेचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९४५-४६ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन झाले. तेथील वस्तूंसाठी संग्रहालय सुरू करण्यात आले आणि ते या टाउन हॉलमध्ये आले. आज तेथे जाणारा विद्यार्थी रोमन जगातून आलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती पाहतो. समुद्राचा हा ग्रीक देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला होता. एका सहलीत एका विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, याला टाउन हॉल का म्हणतात? इथं टाउनचं तर काहीच नाही.” मी त्याला इमारतीचा इतिहास सांगितला. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. नाव टिकले आहे, दगड टिकले आहेत, आणि आत ज्या नगराचे अवशेष मांडले आहेत ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. हल्लीचे नगर बाहेर रस्त्यावर आहे.

असाच प्रकार मुंबईतही आधी घडला होता. एशियाटिक सोसायटीची पांढरीशुभ्र इमारत आपण पायऱ्यांवर बसून फोटो काढण्याची जागा म्हणून ओळखतो. तिचे नाव टाउन हॉल. कर्नल थॉमस काउपर यांचा आराखडा, ग्रीक पद्धतीचे डोरिक स्तंभ, समोर तीस पायऱ्या; १८३३ मध्ये ती पूर्ण झाली. त्या वर्षी मुंबईत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, कारण निवडून द्यायची पद्धतच नव्हती. पट्टी भरणाऱ्यांनी आपले प्रतिनिधी पाठवायचे, हे तत्त्व आले १८७२ च्या कायद्याने. त्यामागे १८७१ मधील करदात्यांचा मोठा असंतोष होता. आर्थर क्रॉफर्ड या कमिशनरने शहर सुधारले, पण खर्च बेसुमार केला, अशी तक्रार होती. तरुण फिरोजशहा मेहता यांचा सार्वजनिक जीवनातील उदय याच वादातला. नव्या कायद्याने ६४ सदस्यांचे मंडळ आले आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. १८८८ च्या कायद्याने ही चौकट आणखी पक्की केली. म्हणजे मुंबईत ‘टाउन हॉल’ हे नाव आधी आले आणि नगराची सभा त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी.

त्या सभेला घर मिळायला आणखी वीस वर्षे लागली. एस्प्लनेडवर वॉटसन हॉटेलच्या शेजारी तिचे कार्यालय होते. नव्या इमारतीची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये बसवली गेली. भारतात स्थानिक स्वराज्याचा ठराव ज्यांच्या नावावर आहे तेच हे रिपन. त्यानंतर आराखड्याचा वाद झाला. मद्रासहून आलेले रॉबर्ट चिझम यांचा आराखडा भारतीय-इस्लामी वळणाचा होता, तर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा गॉथिक. अखेर स्टीव्हन्स यांची निवड झाली. समोरचे व्हिक्टोरिया टर्मिनसही त्यांचेच. प्रत्यक्ष बांधकाम १८८९ मध्ये सुरू होऊन १८९३ मध्ये संपले. मंजूर खर्च ११,८८,०८२ रुपये होता. झालेला खर्च ११,१९,९६९ रुपये. कंत्राटदार होते व्यंकू बाळाजी कालेवार आणि कामावर देखरेख करणारे अभियंते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. वास्तूंच्या इतिहासात स्टीव्हन्सचे नाव सर्वत्र येते. ही दोन नावे फार क्वचित. म्हणून ती येथे मुद्दाम लिहिली. आणि वाचलेल्या ६८,११३ रुपयांचे मला विशेष वाटते. खर्चावरून झालेल्या भांडणातून ज्या सभेचा जन्म झाला, तिने स्वतःचे घर ठरलेल्या रकमेच्या आत बांधून घेतले. शोभेच्या कमानींइतकीच हीसुद्धा त्या इमारतीची शैली आहे.

दोन रस्ते जेथे कोनात मिळतात तेथे ही इमारत उभी आहे. मधला मनोरा २३५ फूट उंच, त्याच्या माथ्यावर घुमट. खाली व्हेनिसच्या वळणाच्या कमानी आणि वर घुमट हा मेळ जाणकारांना कधी रुचला, कधी खटकला. दर्शनी त्रिकोणावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ती आहे. ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील प्रथम नगरी, हे त्या काळच्या मुंबईचे बिरुद तिच्याशी जोडलेले आहे. तिच्या खाली, रस्त्याच्या पातळीवर, फिरोजशहा मेहतांचा पुतळा उभा आहे. पंखांच्या प्रतीकापेक्षा जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या या वकिलाकडे पाहताना मला अधिक आश्वस्त वाटते. नगर म्हणजे काय, याची ती दोन वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि इमारतीने दोन्ही आपल्या अंगावर वागवली आहेत.

२०२१ पासून ही इमारत मार्गदर्शित फेरीतून सामान्य माणसाला पाहता येऊ लागली. २०२३ मध्ये मी ती फेरी केली. घुमटाखालचा भव्य जिना चढून आम्ही सभागृहात गेलो. उंच छत, ओळीने मांडलेली आसने, भिंतींवर जुन्या नेत्यांची चित्रे. मार्गदर्शक चांगले बोलत होते. शनिवार होता, त्यामुळे तेथे कोणी नसणे स्वाभाविकच होते. पण त्या दिवसांत सोमवारीही तेथे कोणी येत नसे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. २२७ लोकप्रतिनिधींचे अधिकार एका प्रशासकाकडे होते. आम्ही सर्व जण अतिशय आदराने एक वारसास्थळ पाहत होतो. कोल्हापुरातल्या त्या मुलाचा प्रश्न मला तेथे आठवला.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नव्हता. आमच्या सांगली, मिरज आणि कुपवाडने २०१८ मध्ये ७८ सदस्य निवडून दिले होते. त्यांची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि येथेही प्रशासक आले. राज्यातील सर्व महानगरपालिकांत कमी-अधिक काळ हेच झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, पुढे मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना पाच वर्षांची मुदत दिली आहे आणि मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण व्हावी असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. तसे झाले नाही. प्रशासकांनी कामे केली नाहीत असे माझे म्हणणे नाही. रस्ते झाले, कर गोळा झाले, अंदाजपत्रकेही मांडली गेली. मात्र ती कोणासमोर मांडली गेली? अंदाजपत्रक वाचणारा आणि मंजूर करणारा एकच असेल तर ते वाचन चावडीवाचन उरत नाही. चूक सांगणारा श्रोता त्या खोलीत नसतो.

या सगळ्यापेक्षा मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. या काळात आम्हा शिक्षक मंडळींच्या गप्पांत याविषयी फारसे काही निघत नसे. उलट, नगरसेवक नाहीत तेच बरे, निदान भांडणे तरी होत नाहीत, असे म्हणणारे सुशिक्षित लोक मी पुष्कळ ऐकले. आमच्या घरीही हा सूर उमटे. महापालिकेच्या सभांतील गोंधळाच्या बातम्या वाचलेल्या माणसाला असे वाटणे अगदीच असमंजस नाही. पण भांडण होत नाही अशा खोलीचे कौतुक साहित्याच्या माणसाने करावे का? वादाशिवाय समीक्षा नसते हे आपण वर्गात शिकवतो. एकच वाचन, एकच अर्थ, आणि त्यावर कोणाची हरकत नाही, अशा कवितेला आपण मेलेली कविता म्हणू.

इटलीतील सिएना या नगराने आपले सार्वजनिक भवन तेराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतले. नगराचा कारभार पाहणारे नऊ जण जेथे बसत त्या दालनाच्या भिंतींवर आंब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये सुशासन आणि कुशासन यांची भित्तिचित्रे काढली. ती मी फक्त पुस्तकांत पाहिली आहेत. सुशासनाच्या चित्रात चोवीस नागरिक एक दोर हातात धरून उभे आहेत आणि तो दोर न्यायदेवतेच्या तराजूपासून निघून शेवटी लोकहिताच्या प्रतिमेपर्यंत जातो. शेजारच्या भिंतीवर त्या सुशासनाचा परिणाम दाखवला आहे: दुकाने उघडी आहेत, कोणी नाचते आहे, गवंडी एका इमारतीवर काम करत आहेत. दुसऱ्या भिंतीवर जुलमी सत्ताधीश आणि उजाड नगर. निर्णय घेणाऱ्यांनी मान वर केली की दोन्ही शक्यता समोर दिसाव्यात, ही त्यामागची योजना. मला त्यातील गवंडी सर्वांत मोलाचे वाटतात. नगर अजून बांधून पूर्ण झालेले नाही, हे त्या चित्रकाराने सभागृहाच्या भिंतीवरच नोंदवून ठेवले.

आपल्याकडे अशी चित्रे नाहीत, पण शब्द आहेत. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी घडवला. पुरात राहतो तो पौर. त्यांतला जो पुढचा तो महापौर. म्हणजे तो आधी नागरिक असतो. ‘पालिका’ म्हणजे पालन करणारी. ‘नगरसेवक’ या शब्दाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज नाही, जरी त्याचा अनुभव सर्वांना सारखा येत नसला तरी. शासनव्यवहारातील पारिभाषिक शब्द कृत्रिम आणि बोजड असतात अशी तक्रार आपण करतो आणि ती पुष्कळदा रास्तही असते. या तीन-चार शब्दांच्या बाबतीत मात्र भाषेने अपेक्षा आधी नोंदवून ठेवली आहे आणि व्यवहार तिच्या मागे रेंगाळतो आहे. टाउन हॉलच्या दगडांसारखेच हे शब्दही रिकामे राहू शकतात. फरक इतकाच, की दगड रिकामे झाले तर त्यांचे संग्रहालय करता येते.

आता कुपवाड. माझ्या त्या विद्यार्थिनीला ‘गावाची’ इमारत सापडली नाही याचे मला पूर्वी वाईट वाटत असे. आमच्या वाट्याला मँट आला नाही, स्टीव्हन्सचा तर प्रश्नच नाही. पत्र्याची छपरे, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मालमोटारींचे रस्ते आणि त्यांच्यामधून वाढत गेलेल्या वसाहती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून पोटासाठी आलेल्या माणसांचे हे गाव आहे. येथील विभागीय कार्यालय एखाद्या सर्वसाधारण सरकारी कार्यालयासारखेच दिसते. उद्या कोणी कुपवाडला घुमटाचे नगरभवन बांधून देतो म्हणाला, तर मी विरोध करणार नाही. सुंदर इमारतीचा संस्कार माणसावर होतो असे मी मानते. परंतु कोल्हापूर आणि मुंबई पाहिल्यावर माझा आग्रह त्याच्या आराखड्यातील एका गोष्टीपुरता राहील. त्याची एक बाजू उघडी असावी. आत बसलेल्यांचे बोलणे बाहेरच्या ओट्यावर ऐकू यावे, आणि त्या ओट्यावर बसायला कोणाला कोणाची परवानगी लागू नये. जुन्या चावडीने जे दिले ते घ्यावे आणि जे नाकारले ते भरून काढावे.

तोवर इमारतीची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. महापालिकेच्या सभेचे इतिवृत्त ही एक संहिता आहे. ते मागता येते, वाचता येते, त्यावर हरकत घेता येते. या वर्षापासून आमच्या विभागात भाषिक कौशल्यांच्या तासाला आम्ही ते वाचणार आहोत: ठरावाची भाषा, त्यातील कर्मणी प्रयोग, ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ यांच्या आडून कर्ता कसा नाहीसा होतो, विरोधकाचे म्हणणे किती शब्दांत नोंदवले जाते आणि कोणत्या शब्दांत गाळले जाते. जानेवारीत सभागृहाचा दुसरा अर्थ पुन्हा भरला गेला आहे. तो भरलेला राहतो की नाही हे आत बसलेल्यांइतकेच बाहेरून ऐकणाऱ्यांवर अवलंबून आहे, आणि ऐकणे, निदान आपल्या व्यवसायातल्या माणसांना, शिकवता यायला हवे. अधिकृत नावात कुपवाडच्या आधी जो ‘आणि’ आहे, त्याला व्याकरणातल्यासारखा समान दर्जा मिळायचा असेल तर तो अशा वाचनातून मिळेल असे मला वाटते.